मास्टोडॉन: तालुक्याच्या चावडीसाठी घ्यावं का?

मास्टोडॉन म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं, ट्विटरसारखं लिहिण्या-वाचण्याचं खुलं सॉफ्टवेअर. निकाल आधीच सांगून टाकतो. एकट्या गावासाठी मास्टोडॉनचा सर्व्हर उभा करू नका. खर्च आणि उसाभर दोन्ही परवडत नाहीत. वीस-पंचवीस गावं मिळून तीनशे-चारशे माणसं जमत असतील, वर्षाला तीस-पस्तीस हजार रुपये निघत असतील आणि आठवड्याला दोन-तीन तास देणारी निदान दोन माणसं असतील, तर जरूर करा. खासगी निरोपासाठी मात्र त्याकडे फिरकूही नका. का, ते पुढे येईल.

वऱ्हाडात काय आणि झाडीपट्टीत काय, सार्वजनिक बोलणं आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतं. पांदण रस्त्याचं अडलेलं काम, पीकविम्याच्या यादीतून गळलेली नावं, पराटीवर दिसलेली गुलाबी बोंडअळी, तूर लोळवून गेलेली रानडुकरं, सारं तिथेच. ग्रुपला १०२४ माणसांची मर्यादा. नव्याने आलेल्याला वर्षभरामागची चर्चा दिसत नाही. कोण काय म्हणालं होतं ते ज्याच्या फोनमध्ये होतं, तो फोन कधीच फॉरमॅट झालेला असतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले, ते कंपनीच्या स्वतःच्याच नेटवर्कमधल्या चुकीमुळे. अशा वेळी, किंवा उद्या एखादं खातंच बंद झालं तर, दाद कुठे मागायची? तहसीलच्या पायरीवर जाऊन बसता येतं, कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या पायरीवर नाही.

यावर चटकन सुचणारं उत्तर म्हणजे स्वदेशी ॲप. ते करून झालं आहे. कू हे बेंगळुरूचं, ट्विटरसारखं ॲप २०२० मध्ये निघालं, मराठीतही चालायचं, मंत्री आणि सरकारी खाती त्यावर आली. विक्रीची बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये मालकांनी ते बंद केल्याचं जाहीर केलं. मालक भारतीय होते, पण किल्ली त्यांच्याच खिशात होती. दुसऱ्या कोणाला तो कोड आणि त्या नोंदी घेऊन दुकान पुढे चालवता आलं नाही. मास्टोडॉनचं नेमकं उलट आहे. ते जर्मनीत ऑयगेन रॉखको याने २०१६ मध्ये सुरू केलं, म्हणजे जन्माने परदेशीच. पण कोड एजीपीएल परवान्याखाली खुला आहे: कोणीही सर्व्हर चालवावा, हवे ते बदल करावेत, फक्त बदललेला कोड वापरणाऱ्यांना उपलब्ध ठेवावा. जर्मनीतली संस्था उद्या उठून गेली तरी तुमच्या मशीनवरचं चालूच राहतं. आमची कसोटी एवढीच आहे की बनवणारा निघून गेला तर बोलणं कोणाकडे राहतं. या कसोटीवर कू नापास आणि मास्टोडॉन पास, जन्मगाव काहीही असो.

तांत्रिक अंगात शिरण्याआधी एक वेगळी गोष्ट, कारण बहुतेक प्रयोग इथेच चुकतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाची 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. त्या गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळ्या ठेवल्या, याकडे मात्र कमी लक्ष जातं. अभ्यासगटात मोकळं बोलायचं, माहिती जमवायची. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. मास्टोडॉन अभ्यासगटाची जागा चांगली घेतं. ग्रामसभेची घेऊच शकत नाही. त्यात मतदानाची सोय आहे, पण एका माणसाने तीन खाती काढली तर तीन मतं पडतात, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याचं एकही पडत नाही. ग्रामसभेच्या आधी आठ-दहा दिवस विषय तिथे घोळवा, ठराव मात्र सभेतच होऊ द्या.

आता वस्तू कशी आहे ते. मास्टोडॉन हे एकच एक संकेतस्थळ नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या समान नियमाने एकमेकांशी बोलतात. हा नियम डब्ल्यूथ्रीसी या वेबमानक संस्थेने २३ जानेवारी २०१८ ला शिफारस म्हणून मान्य केला. जिओचा नंबर बीएसएनएलला लागतो, तसं. तुमच्या सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याचं वाचू शकतो, उत्तर देऊ शकतो. यात 'लोकल' नावाची एक धार असते, तिच्यात फक्त आपल्या सर्व्हरवरच्यांचंच लिखाण येतं, वेळेच्या क्रमाने, जाहिरातीविना. चावडी म्हणून वापरायची ती हीच. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं तेव्हा भारतातून बरीच मंडळी मास्टोडॉनवर गेली होती, पण ती गेली दुसऱ्यांच्या सर्व्हरवर, अनोळखी गर्दीत. ओळखीच्या माणसांची धार नसेल तर कोणी टिकत नाही.

मराठीला ते कितपत मानवतं? बऱ्यापैकी. पडद्यावरची बटणं मराठीत करता येतात, पण भाषांतर अर्धवट आहे, मध्येच इंग्रजी वाक्य डोकावतं. लिहिण्याची मर्यादा ५०० अक्षरांची आहे आणि इथे मराठीचा फायदा आहे: काना, मात्रा, वेलांटी यांची वेगळी मोजणी होत नाही, त्यामुळे शंभरावर शब्द आरामात बसतात. दुवा कितीही लांब असला तरी २३ अक्षरंच धरली जातात. ही मर्यादा सेटिंगमधून वाढवता येत नाही. त्यासाठी कोड बदलावा लागतो किंवा ग्लिच-सॉक ही मास्टोडॉनचीच सुधारित आवृत्ती घ्यावी लागते. ग्लिच-सॉकमध्ये 'फक्त आपल्या सर्व्हरपुरतं' लिहिण्याचीही सोय आहे, जी मूळ मास्टोडॉनमध्ये नाही. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकासारख्या गोष्टी जगभर पाठवायचं कारण नाही, म्हणून तालुक्याच्या कामाला आम्ही ग्लिच-सॉकच सुचवू.

खात्याचं नाव मात्र देवनागरीत घेता येत नाही. रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच चालतं. दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं, तीस अक्षरांपर्यंत. हॅशटॅग देवनागरीत चालतात, आणि तिथेच घोळ होतो. बोंडअळी, बोंड_अळी आणि रोमनमधली बोंडअळी असे तीन ढीग तयार होतात आणि कोणालाच पूर्ण चर्चा सापडत नाही. पहिल्याच दिवशी पंधरा-वीस टॅगची यादी ठरवून वर चिकटवा. यादी एवढी महत्त्वाची आहे कारण शोध लंगडा आहे: इलास्टिकसर्च हे वेगळं शोधयंत्र न जोडता फक्त खाती आणि टॅगच शोधता येतात. इलास्टिकसर्च जोडलं तर मेमरी जवळपास दुप्पट लागते, आणि एवढं करूनही त्याला मराठीची विभक्ती कळत नाही. 'बोंडअळी' शोधली की 'बोंडअळीने' सुटतं. पैसे वाचवा, टॅगच वापरा.

सर्वात मोठी उणीव शहरी परीक्षणांत कधी येत नाही, ती म्हणजे आवाज. गावातली निम्मी माणसं व्हॉट्सॲपवर लिहीत नाहीत, माइक दाबून बोलतात. मास्टोडॉनमध्ये ध्वनिफीत जोडता येते, पण आधी दुसऱ्या ॲपात रेकॉर्ड करून मग फाइल निवडून चढवावी लागते. हे कोणी करत नाही. त्यामुळे म्हातारी माणसं आणि लिहायला कचरणाऱ्या बाया आपोआप बाहेर राहतात. दुसरी उणीव म्हणजे गट नाहीत. 'टाकळीचं पाणी' आणि 'सोयाबीनचा भाव' एकाच धारेत वाहतात. विषयवार कप्पे हवेत तर लेमी हे त्याच ॲक्टिव्हिटीपब घराण्यातलं सॉफ्टवेअर पाहा. तिथे चर्चा फांद्या-फांद्यांनी नीट उलगडते, पण माणसांपेक्षा विषय पुढे राहतो, आणि ओळखीतल्या माणसांच्या गप्पांना ते कोरडं वाटतं.

उभारणीतला पहिला निर्णय डोमेनचा, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचा, आणि तो पुन्हा बदलता येत नाही. कॉन्फिगरेशनमधलं 'लोकल डोमेन' एकदा ठरलं की प्रत्येक खात्याची ओळख त्याला चिकटते. नंतर बदललं तर इतर सर्व्हर तुम्हाला अनोळखी समजतात. डॉट इन घ्या. गमतीदार शेपटी असलेलं परदेशी डोमेन घेऊ नका: क्वीअर.एएफ नावाचा मास्टोडॉन सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद पडला, कारण डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन आहे आणि तिथल्या तालिबानी राजवटीच्या मंत्रालयाने ते काढून घेतलं. सर्व्हर कुठेही असो, पाटी दुसऱ्या देशाची होती. डॉट भारत हे देवनागरी डोमेन मोहात पाडतं, पण ईमेल आणि ॲपांमध्ये ते ठिकठिकाणी रोमन गिचमिड बनून दिसतं, तूर्त नको. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या: शेतकरी उत्पादक कंपनी, महिला ग्रामसंघ, सार्वजनिक वाचनालय, जे नोंदणीकृत असेल ते. संगणक जाणणाऱ्या पोराच्या जीमेलवर डोमेन घेतलं, पोरगं नोकरीला पुण्याला गेलं आणि नूतनीकरणाचा मेल त्याच्याच पेटीत पडून राहिला, हा मरणाचा सर्वात नेहमीचा प्रकार.

मशीन किती मोठं? तीनशे-चारशे माणसांना ४ जीबी मेमरी, दोन कोअर, ८० जीबी एसएसडी पुरे, इलास्टिकसर्च नसेल तर. मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरूच्या डेटा सेंटरमधलं असं भाड्याचं मशीन साधारण दोन हजार रुपये महिना आणि वर १८ टक्के जीएसटी या घरात मिळतं. २ जीबीवर मास्टोडॉन चालतं, पण सोर्सवरून बसवताना पडद्याच्या फाइली तयार होण्याच्या पायरीला मेमरी संपून काम मध्येच मरतं, आणि चूक काय झाली ते धड लिहूनही येत नाही. २ ते ४ जीबी स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) आधी द्या, किंवा डॉकरची तयार प्रतिमा (सगळं आधीच बांधून ठेवलेलं पुडकं) वापरा म्हणजे ही पायरीच टळते. आत पाच भाग असतात: वेब (पानं दाखवणारा), स्ट्रीमिंग (ताज्या नोंदी लगेच दाखवणारा), साइडकिक (लिखाण आणि मेल पोचवण्याची मागची कामं करणारा), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि रेडिस (तात्पुरती साठवण), पुढे दारावर एनजिनएक्स (बाहेरून येणारी मागणी आत पोचवणारा).

सर्व्हर गावातच ठेवू, अशी हौस अनेकांना असते. नको. महावितरणचा गावठाण फीडर तासन्‌तास जातो, मृगाच्या पहिल्या विजांना राउटर आणि फायबरचा डबा जळतो, मे महिन्यात ४५-४६ अंशांत पत्र्याखालचं मशीन स्वतःचा वेग उतरवतं, आणि उंदरांना फायबरची वायर आवडते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भारतनेट आलेलं असलं तरी कार्यालयाला कुलूप लागलं की बहुधा डबाही बंद. त्यात बहुतेक जोडण्या सीजीनॅटमागे असतात, म्हणजे बाहेरून तुमच्या मशीनला थेट पत्ताच नसतो. मग भाड्याच्या छोट्या मशीनपर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरने सुरक्षित बोगदा टाकावा लागतो. म्हणजे भाडं चुकलं नाहीच, वर इन्व्हर्टरचा खर्च.

बॅकअप मात्र गावातच ठेवा, आणि याबाबत आम्ही हट्टी आहोत. वाचनालयातला जुना डेस्कटॉप, १ टीबीची डिस्क, रात्री वीज आणि नेट असेल तेव्हा त्यानेच सर्व्हरवरून ओढून घ्यायचं. सर्व्हरने ढकलायचं नाही. ढकलण्याची परवानगी दिली की सर्व्हर फोडणारा बॅकअपही पुसू शकतो. काय घ्यायचं: पोस्टग्रेसचा पीजी-डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) रोज, लोकांनी चढवलेली चित्रं रोज, आणि 'एन्व्ह प्रॉडक्शन' ही सेटिंगची फाइल. ही शेवटची चार-पाच केबीची फाइल लोक विसरतात. तिच्यात गुप्त किल्ल्या असतात; ती हरवली तर डेटाबेस सुखरूप असूनही दुहेरी सुरक्षा लावलेल्यांचं लॉगिन अडतं आणि ४.३ आवृत्तीपासून काही नोंदी उलगडतच नाहीत. तिची छापील प्रत बंद लखोट्यात कोषाध्यक्षांकडे ठेवा. पोस्टग्रेसचं फोल्डर तसंच्या तसं उचलून उबंटूच्या (सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्सच्या) दुसऱ्या आवृत्तीवर टाकू नका. दोन आवृत्त्यांत अक्षरक्रमाचे नियम वेगळे असले की इंडेक्स (डेटाबेसच्या शोधसूची) बिघडतात आणि एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसू लागतात. डंप घेऊन भरलं की इंडेक्स नव्याने बनतात, हा त्रास होत नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअप खरोखर दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर आमचा विश्वास नाही.

मेल पाठवणं ही अशी पायरी की जिथे उत्साह संपतो. नवं खातं ईमेलच्या दुव्याने पक्कं होतं, मोबाइलच्या ओटीपीने नाही. बहुतेक भाड्याच्या मशीनवर २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे थेट मेल पाठवण्याचं दार, बंद असतं, म्हणून मेल सेवा घेऊन ५८७ वरून पाठवावं लागतं, मेल खरोखर तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्कच्या नोंदी डोमेनमध्ये टाकाव्या लागतात. एवढं करूनही गावाकडचा खरा पेच उरतोच: फोन घेताना दुकानदाराने जीमेल काढून दिलेलं असतं, त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो, पेटी कधी उघडलेली नसते. उपाय आहे. मास्टोडॉनसोबत येणाऱ्या टूट-सीटीएल या आज्ञावलीतून खातं 'कन्फर्म्ड' करूनच तयार करता येतं, ती पासवर्डही बनवून देते. गावागावांत बसून पंचवीस-तीस खाती अशी काढून द्या, पासवर्ड कागदावर लिहून हातात द्या. पासवर्ड हरवला तर त्याच आज्ञावलीत 'रीसेट पासवर्ड' आहे. बाहेरच्यांसाठी नोंदणी 'मंजुरीने' ठेवा. पूर्ण उघडी ठेवलीत तर पंधरा दिवसांत परदेशी जाहिरातवाल्यांची खाती गवतासारखी उगवतील.

एक सापळा इथेच सांगायला हवा. सुरक्षित राहावं म्हणून अनेकजण 'लिमिटेड फेडरेशन' चालू करतात, म्हणजे आपण नावानिशी परवानगी दिलेल्या सर्व्हरशीच जोडणी. ऐकायला छान. पण ते चालू केलं की सगळी सार्वजनिक पानंही बंद होतात, लॉगिन न करता कोणालाच काही दिसत नाही. सार्वजनिक चर्चेसाठी मांडलेला मांडव स्वतःच झाकून टाकल्यासारखं होतं. त्याऐवजी जोडणी उघडी ठेवा आणि त्रासदायक सर्व्हर एकेक करून रोखा.

जोडणी उघडी ठेवली की डिस्क भरते. तुमच्या माणसांनी बाहेरच्या खात्यांना फॉलो केलं की त्यांची चित्रं आणि व्हिडिओ तुमच्या डिस्कवर साठत जातात. पाहता पाहता दहा-वीस जीबी. प्रशासनाच्या पानावर बाहेरच्या मीडियाची मुदत ७ दिवस ठेवा, सोबत टूट-सीटीएलने दुव्यांची छायाचित्रंही दर आठवड्याला साफ करा. डिस्क शंभर टक्के भरली की पोस्टग्रेस थांबतं, आणि पोस्टग्रेस थांबलं की साफसफाईची आज्ञाही चालत नाही. म्हणून दोन जीबी जागा अडवणारी एक बिनकामाची फाइल बनवून ठेवा. अडचणीत ती पुसली की श्वास घेण्यापुरती जागा होते. जुनाट युक्ती, पण कामाची.

साइडकिक मेलं की लक्षण फसवं असतं. वेब चालू दिसतं, लिहिलेलं आपल्याला दिसतं, पण दुसऱ्याला पोचत नाही, मेल जात नाहीत. लोक म्हणतात 'नेट नाही'. साइडकिकच्या पानावर रांगेचा आकडा चढत असेल तर तेच. मेमरीच्या कमतरतेने ते मरतं. आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सोय करा.

आवृत्त्या वेळेवर चढवणं टाळता येत नाही. जुलै २०२३ मध्ये ४.१.३ ने अशी फट बुजवली की जिच्यातून नुसती फाइल चढवून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४.२.५ ने दुसऱ्याचं खातं बळकावण्याची फट बुजवली. दोन्ही वेळा सुधारणा जाहीर झाल्यावर तासांच्या हिशेबात चढवायची होती. सोयाबीन काढणीच्या हंगामात हे कोण करणार, याचं उत्तर आधी ठरवा. दोन माणसं हवीत असं वर म्हटलं ते यासाठी.

परक्या हातातल्या दोऱ्या तरीही काही उरतात, त्या लपवण्यात अर्थ नाही. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र बहुधा लेट्स एन्क्रिप्टचं असतं, ती अमेरिकेतली ना-नफा संस्था. प्रमाणपत्र ९० दिवसांचं, आणि मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केले आहेत. ८० क्रमांकाचं पोर्ट चुकून बंद केलंत तर नूतनीकरण गुपचूप थांबू शकतं आणि एके सकाळी सगळ्यांच्या फोनवर लाल इशारा येतो. मुदतीची आठवण स्वतः लावा. फोनवर वाजणारी सूचना अधिकृत ॲपात गूगलच्या यंत्रणेतून जाते. ती टाळायची तर टस्की हे ॲप एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपभांडारावरून घ्या. ते युनिफाइडपुश या गूगलविना सूचना पोचवणाऱ्या यंत्रणेवर चालतं, नाहीतर थोड्या थोड्या वेळाने स्वतःच तपासतं. टस्की २ जीबीच्या जुन्या फोनवरही हलकं चालतं, आणि त्यात चित्रांची झलक उतरवणं बंद करता येतं. रोजच्या १ जीबीच्या पॅकवर जगणाऱ्याला हे सेटिंग पहिल्या दिवशीच दाखवा. मास्टोडॉनचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आहे, ते मायक्रोसॉफ्टचं. त्याची एक प्रत आपल्याकडे उतरवून ठेवली की ती दोरी बरीच सैल होते.

खासगी निरोपांबद्दल वर म्हटलं होतं. मास्टोडॉनमधले 'फक्त उल्लेख केलेल्यांना' जाणारे निरोप टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. डेटाबेस ज्याच्या हातात, तो ते वाचू शकतो. तालुक्यात सर्व्हर चालवणारा म्हणजे कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी भाऊ. नोंदणीच्या पानावर ठळक लिहा: इथलं सगळं चावडीवर बोलल्यासारखं समजा.

कायद्याची बाजू थोडक्यात. दुसऱ्यांचं लिखाण ठेवणारा तो मध्यस्थ, म्हणून २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आणि २०२१ चे मध्यस्थ नियम तुम्हाला लागू. ५० लाख वापरकर्त्यांपुढच्या मोठ्या कंपन्यांवरची जादा बंधनं तुमच्यावर नाहीत, पण तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पानावर हवा, आणि तक्रारीची पोच २४ तासांत. मूळ नियमांत निकालाला १५ दिवस होते. नंतरच्या दुरुस्त्यांनी मुदती आवळत आणल्या आहेत, तेव्हा चालू मजकूर वकिलाकडून वाचून घ्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (सर्व्हरवरच्या ये-जाच्या नोंदी) १८० दिवस भारतातच ठेवायचे आणि सर्व्हर फोडला गेल्यास सहा तासांत कळवायचं. उबंटूवर एनजिनएक्सचे लॉग मुळात १४ दिवसांनी पुसले जातात, ते सेटिंग बदलायला जवळजवळ सगळे विसरतात. किमान वय १८ ठेवा, ४.४ आवृत्तीपासून नोंदणीत वय विचारण्याची सोय आहे.

नियंत्रकांना कायद्यापेक्षा नातीगोती जास्त जड जातात. तीन नियंत्रक ठेवा, वेगवेगळ्या गावांचे, निदान एक बाई. कोणतंही खातं गोठवायचं तर दोघांची सही. मास्टोडॉनमध्ये थेट हाकलण्याआधी 'मर्यादित' करण्याची पायरी आहे, म्हणजे माणूस लिहू शकतो पण फॉलो न करणाऱ्यांच्या पुढ्यात येत नाही. ग्रामपंचायत निवडणुकीच्या महिन्यात ही पायरी फार उपयोगी. कारण लेखी द्या, आणि ते सगळ्यांना दिसेल असं ठेवा, नाहीतर 'अमक्या गटाचा सर्व्हर' हा शिक्का बसायला एक निवडणूक पुरते.

खर्चाचा हिशेब: मशीन जीएसटीसकट २८ हजारांच्या आसपास, डोमेन हजाराच्या आत, मेल सेवा आणि डिस्क मिळून तीन-चार हजार. तीनशे माणसांनी वर्षाला ११० रुपये दिले की भागतं. वर्गणी खरीप निघाल्यावर, दिवाळीनंतर गोळा करा. जूनमध्ये बियाण्याच्या तोंडावर कोणी देणार नाही. एखाद्या पुढाऱ्याने सगळे पैसे एकरकमी देऊ केले तर नाही म्हणा. परकी किल्ली काढून घरची किल्ली एकाच घरात ठेवण्यात काय मिळवलं?

आणि बंद करायची वेळ आली तर. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरना निदान तीन महिने आधी सूचना द्यावी लागते. तुम्ही त्या यादीत नसलात तरी तेवढीच मुदत पाळा. त्या काळात प्रत्येकाने सेटिंगमधून आपल्या लिखाणाचा संग्रह मागवून घ्यावा. तो सात दिवसांतून एकदाच मागवता येतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं की फॉलो करणारे सोबत जातात, जुनं लिखाण मात्र जात नाही, ते त्या संग्रहातच राहतं. बाहेरच्या सर्व्हरनाही कळवायचं असतं. त्यासाठी टूट-सीटीएलमध्ये 'सेल्फ डिस्ट्रक्ट' आहे. ती आज्ञा दिल्यावर मशीन लगेच बंद करू नका, साइडकिकची रांग रिकामी होईपर्यंत काही दिवस चालू ठेवा. सार्वजनिक चर्चेची एक प्रत वाचनालयाच्या त्याच डेस्कटॉपवर, निरोप आणि ईमेल पत्ते वगळून, कोणालाही वाचता येईल अशी ठेवा, आणि डोमेन आणखी दोन वर्षं नूतनीकरण करत राहा, म्हणजे त्या नावाची पाटी भलत्याच्या हाती लागणार नाही.